एकमताने ओसरलेला पूर

"घर कोणी बघत नाही काका, घराच्या आजूबाजूचं बघतात," एजंट संतोष सोफ्यावर मांडी घालून सांगत होता. "हल्लीच्या गिऱ्हाइकाला काहीतरी ऐतिहासिक लागतं. दारात पाऊल टाकायच्या आधी त्याचे चार फोटो निघाले पाहिजेत."

सुनीलराव बोरस्त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर कॉलनीच्या बागेचं फाटक होतं, फाटकाला टेकून कोणाची तरी मोडकी सायकल होती, आणि इतिहासाचा मागमूस नव्हता. पण सुनीलरावांची उभी हयात ओझरच्या विमान कारखान्यात, स्टोअरमध्ये गेलेली. मागितलेली वस्तू कुठल्या ना कुठल्या फळीवर असतेच, हा त्यांचा जन्माचा विश्वास. थोडं डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं.

"आहे," ते म्हणाले. "बागेत खाली कडुनिंबापाशी एक दगड आहे. अक्षरं कोरलेला."

"कसली अक्षरं?"

"सन-बिन आहे त्यात."

"मग झालं तर," संतोष म्हणाला आणि त्याने चहाचा कप उचलला.

मोगरे मळा कॉलनी गोदावरीच्या वळणावर होती. हमरस्त्यापासून एक गल्ली उतरत उतरत नदीकडे जायची. गल्लीच्या एका अंगाला घरं, घरांच्या मागे नाला, दुसऱ्या अंगाला बाग, आणि बागेच्या टोकाला नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. मळा ज्याचा होता तो प्लॉट पाडून, पैसे घेऊन कधीच निघून गेला होता. प्लॉट घेणारे सगळे नांदगाव, येवला, सिन्नर, सटाणा अशा कोरड्या मुलखातून आलेले. त्यांना नदीचं भारी कौतुक. पाणी बघितलं की त्यांना बरं वाटायचं, ते अंगावर येऊ शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पूर म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्यांच्या मोबाइलवर बघायची गोष्ट.

सुनीलरावांना घर विकायचं होतं ते पुण्याला जाण्यासाठी. मुलगी तृप्ती तिकडे होती, तिला दिवस गेले होते, तिला सासू-सासरे नव्हते आणि जावई फिरतीवर. "बाबा, तुम्ही दोघं कायमचेच या ना," असं ती प्रत्येक फोनला म्हणायची. हे घर विकलं तर तिच्या शेजारी दोन खोल्या येत होत्या. त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी तर नातवंडाच्या दुपट्यांचा गठ्ठा बांधून दाराशीच ठेवला होता. अडलं होतं ते फक्त गिऱ्हाइकाचं.

तेव्हा सुनीलराव हातगाडी घेऊन दगड काढायला निघाले. मदतीला गल्लीच्या तळाशी, शेवटच्या घरातला योगेश आला. त्याचे वडील खंडूबाबा अंथरुणाला खिळलेले. खिडकीतून गल्लीवर नजर ठेवणं एवढंच काम त्यांना उरलं होतं आणि ते ते मन लावून करायचे.

"कुठं नेता रं त्याला?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"वर फाटकापाशी, बाबा. शोभेला," योगेश म्हणाला.

"न्या बापडे. इथं कुत्र्यांशिवाय कोण त्याला विचारत नव्हतं."

फाटकाशी दगडासाठी खड्डा घेताना पहार कशावर तरी खणकन आपटली. माती बाजूला केली तर खाली काळ्या दगडाची जुनी बैठक निघाली, मधोमध चौकोनी खाच पाडलेली. दोघांनी दगड उचलून त्या खाचेत सोडला, तर तो खाली जाऊन गच्च बसला. सिमेंटसुद्धा लागलं नाही.

"काका, मापाची केल्यासारखी हाय की," योगेश म्हणाला.

"जुने लोक सगळं एकाच मापाचं करायचे," सुनीलरावांनी स्टोअरच्या अनुभवावरून सांगून टाकलं. वाचलेल्या सिमेंटच्या आनंदात त्यांनी दगड घासला, पुसला, कोरलेल्या अक्षरांत सोनेरी रंग भरला आणि मधोमध कोरलेली आडवी रेघ लाल केली. मग चार पावलं मागे होऊन त्यांनी डोळे भरून पाहिलं. दगडावर लिहिलं होतं : 'सन १९६९ च्या महापुराचे पाणी या रेघेपर्यंत आले होते.'

ही अक्षरं त्यांनी कुंचल्याने एकेक करून रंगवली होती. पण रंगवणारा माणूस वाचत नसतो. त्यात सन होता, 'महा' होता, रेघ सरळ आली होती, एवढ्यावर ते खूश होते.

गिऱ्हाईक आलं ते नांदगावचं. राज नावाचा तरुण, नाशकात नोकरीला. सोबत त्याचे वडील भिका मिस्त्री. मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांची घरं बांधलेली, त्यामुळे कुठलंही घर त्यांना पसंत पडत नसे. संतोषने ठरल्याप्रमाणे दोघांना आधी दगडापाशी उभं केलं.

"ऐतिहासिक आहे," तो म्हणाला.

"वाच रं," मिस्त्री म्हणाले. राजने मोठ्याने वाचलं. मग एकदा मनात वाचलं. मिस्त्रींनी लाल रेघेकडे पाहिलं, मान वळवून बोरस्त्यांच्या घराकडे पाहिलं, आणि गाडीच्या डिकीतून पारदर्शक नळीचं भेंडोळं काढलं. दोन लांबच्या जागा एका पातळीत आहेत की नाहीत ते बघायला गवंडी जी पाणी भरलेली नळी वापरतात, ती. मिस्त्री तिच्याशिवाय घराबाहेर पडत नसत. काही लोक छत्री घेतात तसं.

नळीचं एक टोक त्यांनी दगडाच्या रेघेवर धरलं. दुसरं टोक घेऊन राज रस्ता ओलांडून बोरस्त्यांच्या हॉलमध्ये शिरला. वत्सलाबाई पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. नळीतलं पाणी थोडं वरखाली झालं आणि स्थिर झालं. राजने कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर तिथे रेघ मारली. टीव्ही पूर्ण रेघेखाली गेला होता. वर देव्हाऱ्याची फळी तेवढी बरोबर रेघेवर टेकली होती.

"म्हणजे देवांचे फक्त पाय भिजतील," वत्सलाबाई म्हणाल्या. "पोहे घ्या."

मिस्त्रींनी पोहे घेतले, वर शेव मागून घेतली, आणि मग म्हणाले, "घर गुणाचं हाय, भाऊ. पण आमी नांदगावचे. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं. ते खिडकीतनं आत आलं तर सूनबाईला झेपायचं नाय."

गोष्ट इथे संपली असती तर एका सौद्यावर भागलं असतं. पण मिस्त्री निघाले तोवर गल्ली दारात जमली होती, आणि आपल्या घरात पाणी कुठवर येईल ते कळावं असं प्रत्येकाला वाटायला लागलं होतं. फुकटचं माप कोणी सोडत नाही. मिस्त्रीही नळी घेतली की भान विसरणारे. संध्याकाळपर्यंत ते घरोघर हिंडले. कोणाकडे रेघ स्वयंपाकाच्या ओट्यावर आली, कोणाकडे फ्रिजच्या डोक्यावर. कॉलनीचे अध्यक्ष हिरामण अण्णा देवरे गल्लीच्या वरच्या टोकाला राहायचे. त्यांच्याकडे पाणी पहिल्या पायरीपाशीच थांबलं, तेव्हा ते खालच्यांची समजूत काढत फिरू लागले. त्यांचे स्वतःचे दोन रिकामे प्लॉट तळाला आहेत हे त्यांना जरा उशिराच आठवलं.

खंडूबाबांच्या खोलीत मिस्त्री नळी वर वर धरत गेले आणि शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

"किती?" बाबांनी कॉटवरून विचारलं. "पंख्यापरयंत?"

"पंख्याच्या वर."

"म्हंजी स्लॅबाच्या वर?"

"थोडं."

"मंग यमाला निरोप धाडा," बाबा म्हणाले. "म्हणावं, रेड्यावर नको येऊ, होडी घिऊन ये." खोलीतले सगळे खळखळून हसले. योगेश सगळ्यात जास्त हसला.

दुसऱ्या दिवसापासून हसू मावळलं. अण्णांच्या प्लॉटचं गिऱ्हाईक येतो म्हणालं आणि आलंच नाही. वर मजला चढवायला योगेशने बँकेत अर्ज केला होता. तिथला साहेब जागा बघायला आला, दगडापाशी त्याने फोटो काढला, तो फोटो बघतच परत गेला आणि अर्ज तिथेच थांबला. दगडाची कीर्ती एवढी झाली की दुसऱ्या कॉलनीतली माणसं संध्याकाळी पुराची रेघ बघायला येऊ लागली. सकाळी फिरायला येणारी मंडळी सुनीलराव दिसले की बोलता बोलता गप्प व्हायची. त्यांच्या दारातला कचरासुद्धा घंटागाडीवाल्याला दिसेनासा झाला.

"तुम्हाला रंग द्यायचा होता ना, तर आपल्या ग्रिलला द्यायचा," वत्सलाबाई एवढंच म्हणाल्या. तृप्तीचा फोन आला की त्या आत जाऊन बोलायच्या. बाहेर येताना त्यांचे डोळे लाल असायचे आणि त्या कांदा चिरत नव्हत्या हे सुनीलरावांना कळायचं. त्यांना फार अपराधी वाटायचं. त्यांनी भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघेवर गणपतीच्या चित्राचं कॅलेंडर टांगलं. रेघ दिसेनाशी झाली, पण तारीख बघायला गेलं की आठवायची.

शेवटी अण्णांनी बागेत सभा बोलावली. झाडून सगळे आले. खंडूबाबांनासुद्धा खुर्चीत बसवून आणलं होतं.

"भांडण नको," अण्णा म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे की दगड मुळात कुठं होता? तिथं तो परत ठेवायचा. विषय संपला."

दगड मुळात कुठे होता हे तिथे तिघांनाच नक्की ठाऊक होतं, सुनीलरावांना, योगेशला आणि खंडूबाबांना. पण बोलायला उठले ते बाकीचे. एक जण म्हणाला, कडुनिंबापाशी. त्यावर दुसऱ्याने हिशेब मांडला, की कडुनिंबापाशी धरला तर योगेशच्या घरात कमरेएवढं पाणी येतं आणि अण्णांचे प्लॉट जातात. म्हणून तो कडुनिंबापाशी नसावा. हा मुद्दा सगळ्यांना पटला. कोणीतरी खालच्या बाकाचं नाव घेतलं, कोणी त्याच्याही खालच्या कुंपणाचं. भाजीच्या भावासारखा पूर उतरत चालला. कुंपणापाशी धरला तर सगळी घरं सुटतात पण अण्णांचा एक प्लॉट ओला राहतो, असं निघालं. तेव्हा अण्णा उभे राहिले.

"मला आठवतं," ते म्हणाले, "तो दगड नदीच्या पायऱ्यांवर होता. तिसऱ्या की चौथ्या."

"चौथ्या," अण्णांचा भाडेकरू म्हणाला.

"ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सुनीलरावांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. वत्सलाबाई मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत खाली बघत होत्या. आदल्याच दिवशी तृप्तीने विचारलं होतं, बाळाच्या आधी याल ना? सुनीलरावांना कडुनिंबाखालचा खड्डा डोळ्यांसमोर दिसत होता. त्यांनी हात वर केला. योगेशने स्वतःचा केला आणि मग वडिलांच्या कानाशी वाकला.

"बाबा, हात वर करा."

"कशापायी?"

"पूर खाली घ्यायचाय."

"आसं व्हय," बाबा म्हणाले. "घ्या की." त्यांचा हात वर राहीना म्हणून योगेशने तो मनगटाला धरून वर केला.

अशा रीतीने एकोणसत्तरचा महापूर त्या संध्याकाळी एकमताने ओसरला. दगड फाटकापासून निघाला आणि चौथ्या पायरीवर जाऊन बसला. त्याच्या सोनेरी अक्षरांवर सकाळी धुणं आपटायची सोय झाली. फाटकापाशी रिकामी खाच तेवढी राहिली.

मग चमत्कार व्हावा तशी कामं मार्गी लागली. बँकेने योगेशला परत बोलावलं. राजने वडिलांना गळ घातली, कारण घर त्याच्या बायकोच्या मनात भरलं होतं. भिका मिस्त्री पुन्हा आले, पायऱ्यांपासून नळी लावून बघितली आणि मान हलवली.

"नळी म्हणते, बरं हाय," ते म्हणाले. "दगड काय म्हणतो ते दगडाला ठाऊक. पण आखाडात विसार नको. श्रावण लागला की पहिल्या सोमवारी येतो."

सुनीलरावांनी पेढे आणले. वत्सलाबाईंनी पेढा देवापुढे ठेवला आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट चालू केली. घरातली एकेक वस्तू त्या वर चढवू लागल्या. पिठाचा डबा माळ्यावर गेला. गाद्या गेल्या. तृप्तीचे शाळेतले फोटो, बाळाची दुपटी, कागदपत्रांची पेटी, सगळं कॅलेंडरच्या वर.

"पूर खाली गेला ना आता," सुनीलराव चिडून म्हणाले. "सभेत ठरलं."

"ठरलं ना. तुम्ही खालीच बसा," वत्सलाबाई स्टुलावरून म्हणाल्या. "माझं माहेर विंचूरचं. आमच्याकडं कांदा किती ते तोंडानं नाय ठरत, वजनकाट्यानं ठरतं. मला त्या नळीचं खरं वाटलं."

आखाड अर्धा सरला तसा वरच्या अंगाला पाऊस लागून राहिला. एका सकाळी गल्लीत जीप आली आणि भोंग्यावरून सांगून गेली, की धरणातून पाणी सोडलं आहे, नदीकाठच्यांनी सुरक्षित जागी जावं. मोगरे मळा छत्र्या घेऊन बागेत जमला. कोणीतरी भजी तळून आणली. पाणी दुसऱ्या पायरीवर होतं, मग तिसऱ्या. सगळ्यांच्या नजरा दगडावर होत्या.

"इथंच थांबणार," अण्णा भज्यांनी भरलेल्या तोंडाने म्हणाले. "एकोणसत्तरला इथंच थांबलं होतं. आणि हा काही एकोणसत्तर नाही."

जो ठराव आपणच केला तो माणसाला किती लवकर खरा वाटायला लागतो, हे बघण्यासारखं होतं. सुनीलरावांनासुद्धा क्षणभर वाटलं, थांबेल. वत्सलाबाई मात्र गुडघा धरत गल्ली उतरल्या आणि शेवटच्या घरात गेल्या. योगेश वडिलांच्या कॉटच्या पायांखाली विटा सरकवत होता.

"योगेश, बाबांना वर आमच्याकडं आण. नाहीतर अण्णांच्या गच्चीवर ने."

"काकू, हलवलं की त्यांना धाप लागते. आणि पाणी दगडाच्या वर येत नाय. सभेतच ठरलंय ना." त्याने दुसरी वीट लावली. "एवढ्यानं व्हतंय."

"जा गं पोरी," कॉटवरून खंडूबाबा म्हणाले. आजारपणात ते सगळ्या बायकांनाच पोरी म्हणत. "मी हात वर केला हाय."

पाणी दगडावरून गेलं. अण्णा गडबडले की त्यांची सटाण्याकडची अहिराणी वर यायची. "दगड कोठे शे?" असं ते दोनदा म्हणाले. मग छत्र्या मिटल्या आणि जो तो घराकडे पळाला. टीव्ही, मोटारसायकली, गॅसचे सिलिंडर वर चढायला लागले. योगेशची गाडी नवी होती आणि तळाला उभी होती. आधी गाडी वर अण्णांच्या दारात लावू, मग येऊन बाबांना उचलू, असं त्याने ठरवलं. पाणी अजून कडुनिंबापाशीच होतं, त्यामुळे त्यात काही चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही.

पण पाणी समोरून आलंच नाही. ते घरांच्या मागच्या नाल्यातून उलटं चढलं आणि गल्लीचा खालचा तुकडा तोडून मोकळं झालं. योगेश धावत आला तेव्हा त्याचं घर पाण्याच्या पलीकडे होतं. सुनीलराव आणि आणखी दोघं दोर घेऊन छातीपर्यंत आत गेले. ओढ एवढी होती की उभं राहता येईना. योगेश नावाने हाका मारत राहिला. आतून सुरुवातीला एकदा उत्तर आलं, मग आलं नाही.

पाणी उतरल्यावर खंडूबाबा कॉटवरच सापडले. विटा जागच्या हलल्या नव्हत्या.

बोरस्त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला चिखलाचा पट्टा बसला होता. सुनीलरावांनी कॅलेंडर बाजूला केलं. चिखलाची कड पेन्सिलच्या रेघेपासून बोटभर खाली होती. देवांचे पायसुद्धा भिजले नव्हते. ते बाहेर आले, रस्ता ओलांडून फाटकापाशी गेले आणि चिखलात बसून त्यांनी हाताने ती खाच मोकळी केली. इतक्या मापात दगड का बसला होता, हे त्यांना आता समजलं. दगडाची जागा पहिल्यापासून हीच होती. मळ्याच्या मालकाने प्लॉट विकण्यापायी तो उपटून कडुनिंबाखाली ढकलला असणार. शोभेच्या नादात त्यांच्या हातून तो एकदाच खऱ्या जागी गेला होता, आणि तेवढेच दिवस सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. सुनीलराव तिथेच बसून रडले. जाता-येताना लोकांनी पाहिलं आणि पुराने नुकसान झालं म्हणून रडतात असं समजून पुढे गेले.

दहावा-बारावा उरकल्यावर अण्णांनी पुन्हा सभा घेतली. या वेळी ती फार लवकर संपली. गल्लीत पूर आला नव्हता, नाला तुंबला होता, असं ठरलं. खंडूबाबा वयाने गेले, असंही ठरलं. घरं आतबाहेर एकदम रंगवून घ्यायची, म्हणजे रंगवाला स्वस्तात करील. हरकत कोणी घेतली नाही. सुनीलरावांनी योगेशकडे पाहिलं, निदान तो तरी काही बोलेल म्हणून. परतताना योगेशने त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"तसंच असू द्या, काका. पूर म्हटलं की लोक विचारतात, तू कुठं व्हता. मग गाडीचं सांगावं लागतं."

त्याच्या तोंडाकडे सुनीलरावांना बघवेना. त्यांनी फक्त त्याचा हात दाबला.

रंगवाला बोरस्त्यांच्या हॉलमध्ये आला तेव्हा वत्सलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सगळं रंगव. कॅलेंडर काढायचं नाही."

"मागं चौकोन राहील, ताई."

"राहू दे."

"अगं पण का?" सुनीलरावांनी विचारलं.

"मला पुण्याला जायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जास्त जायचंय. पण राजची बायको, ती पोरगी दिवसभर या घरात एकटी असणार, तिला पण उद्या लेकरू होणार. मी काय सांगत नाही. तुम्ही बघा."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी राज आला. सोबत बायको आणि भिका मिस्त्री. गल्ली नव्या रंगाने चकाकत होती, एवढी की डोळ्यांत खुपावी. विसाराचं पाकीट मिस्त्रींच्या खिशात वर डोकावत होतं. साक्षीला म्हणून अण्णा आले होते, संतोष होता, दाराबाहेर चारपाच शेजारी सहज आल्यासारखे उभे होते. चहा झाला. मिस्त्रींनी नाक वर करून रंगाचा वास घेतला.

"भाऊ, मागल्या पंधरवड्यात मोप पाऊस झाला. इकडं पाणी आलतं का?"

"नाल्याचं थोडं तुंबलं होतं," अण्णा म्हणाले.

"तुमाला नाय, यांना विचारतोय."

सुनीलराव उठले. स्टोअरमध्ये कोणी माल मागितला की उठायचे तसेच, सावकाश. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. ताज्या गुलाबी रंगात जुन्या भिंतीचा चौकोन उघडा पडला. त्यात एक पेन्सिलची रेघ होती आणि तिच्या बोटभर खाली चिखल.

मिस्त्री जवळ गेले. त्यांनी दोन्ही रेघांच्या मध्ये बोट आडवं धरून पाहिलं. त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं, ते त्यांना लपवता आलं नाही.

"माझी नळी खोटं बोलत नाय," ते म्हणाले. मग त्यांनी पाकीट खिशात खोल सारलं, सुनेला चपला घालायला सांगितल्या, आणि निघताना सुनीलरावांना हात जोडले. तसे हात त्यांनी आधी कधी जोडले नव्हते.

अण्णा दारापर्यंत गेले आणि वळले. "सुनीलराव, तुमचं एक घर नाही गेलं," ते म्हणाले. "सगळ्यांचं घालवलंत." दारातले शेजारी पांगले. संतोषने तर कपातला चहासुद्धा पुरा केला नाही.

घरात दोघंच उरली. वत्सलाबाई दाराशी गेल्या, सकाळीच माळ्यावरून खाली काढलेला दुपट्यांचा गठ्ठा उचलून परत वर ठेवला. खाली उतरताना त्यांच्या गुडघ्याने कटकन आवाज केला. "बाळंतपणाला तेवढी जाऊन येईन," त्या म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या.

सुनीलराव हातगाडी घेऊन पायऱ्यांवर गेले. दगड गाळात अर्धा रुतला होता, सोनेरी रंग पार धुऊन गेला होता. एकट्याने तो हलेना. ते वाकून जोर करत असताना पलीकडून कोणीतरी दुसरी बाजू धरली. योगेश होता. दोघांनी मिळून दगड गाडीवर चढवला आणि चढ चढायला लागले. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागत होत्या. खाच मोकळीच होती. दगड तिच्यात सोडला तसा गच्च बसला.

योगेशने खिशातून पेन्सिल काढली. रेघेच्या बोटभर खाली त्याने दुसरी रेघ मारली आणि तिथेच बसून राहिला.

"पेन्सिलची राहील का, काका?"

"छिन्नी आणतो," सुनीलराव म्हणाले.